दक्षिण आफ्रिकेची वाइन: हॉटेलात बसल्यावर काय मागवायचं?

केपटाऊन किंवा स्टेलेनबॉशमधल्या बऱ्यापैकी रेस्टॉरंटमध्ये बसलात की जेवणाच्या मेन्यूबरोबर वाइनची यादीही हातात येते, आणि बरेचदा तीच जास्त जाड असते. नवख्या माणसाची इथे दोनपैकी एक गत होते. एक तर तो सगळ्यात स्वस्त बाटली मागवायची लाज वाटते म्हणून तिच्या वरची दुसरी मागवतो. नाहीतर "इथली खास कोणती?" असं विचारतो, समोर येईल ती पिनोटाज ही इथली लाल वाइन कशीबशी संपवतो आणि घरी आल्यावर सांगत सुटतो की आफ्रिकन वाइन काही आपल्याला झेपली नाही.

एक सोय मात्र इथे आहे. फ्रान्सच्या बाटलीवर बहुधा गावाचं नाव असतं आणि आत कुठलं द्राक्ष आहे ते आपल्याला आधीच ठाऊक असावं अशी अपेक्षा असते. दक्षिण आफ्रिकेत द्राक्षाचं नाव ठळक छापतात, आणि ते छापायचं तर किमान ८५ टक्के वाइन त्याच द्राक्षाची असावी लागते. बरीचशी हॉटेलं यादीही द्राक्षांप्रमाणे लावतात. पण द्राक्षाचं नाव अर्धीच माहिती देतं. यादीत खालीवर छापलेल्या शेनिन या पांढऱ्या द्राक्षाच्या दोन वाइन्स चवीला एकमेकींच्या कोणी लागत नाहीत असंही होतं. उरलेली अर्धी माहिती वेटरला एखादा नेमका प्रश्न विचारून मिळते. कुठल्या द्राक्षाला कुठला प्रश्न, एवढं कळलं की काम झालं.

पायरी १: आधी ताट ठरवा

वाइन आधी आणि जेवण नंतर असं करू नका. काय खाणार ते ठरलं की निम्मी यादी आपोआप गळते. मग चार गोष्टींचा विचार करायचा: आंबटपणा, तुरटपणा, गोडवा आणि वजन. वजन म्हणजे वाइन तोंडात पातळ लागते की भरीव.

तुरटपणा येतो टॅनिनमुळे. लाल वाइन द्राक्षाच्या साली आणि बियांसकट आंबवतात, त्यामुळे टॅनिन तिच्यात उतरतं. पांढरीत रस लवकर वेगळा काढतात, म्हणून तिच्यात ते जवळपास नसतं. टॅनिनला चरबी आणि प्रथिनं मानवतात, म्हणून मटणाबरोबर जी लाल वाइन मऊ लागते तीच सॅलडबरोबर घशाला ओरबाडते.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. तिखटाबरोबर टॅनिन आणि जास्त अल्कोहोल दोन्ही वाईट, कारण जळजळ वाढते. इथला उन्हाळा कडक असतो, द्राक्षात साखर भरपूर भरते, त्यामुळे लाल वाइनच्या लेबलवर १४ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल दिसणं नेहमीचंच आहे. झणझणीत डरबन करी मागवून वर भारीतली कॅबर्ने ही तुरट लाल वाइन घेणं म्हणजे दोन्हींचे पैसे वाया. १८६० पासून नाताळ प्रांतातल्या ऊसमळ्यांवर आलेल्या गिरमिटिया मजुरांच्या घरांतून ही करी घडत गेली. तिच्यापुढे थंडगार, किंचित गोडसर पांढरी वाइनच टिकते.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. वाइनला पेरूचा किंवा अननसाचा वास आला म्हणजे ती गोड असेल असं नाही. फळाचा वास वेगळा, साखर वेगळी. 'ड्राय' लिहिलेल्या वाइनमध्ये साखर साधारणपणे लिटरला ५ ग्रॅमच्या आतच असते, मग वास कितीही रसाळ असो. गोडसर हवी असेल तर 'ऑफ-ड्राय' किंवा 'सेमी-स्वीट' हे शब्द शोधा.

पायरी २: सुरुवात शेनिनने करा

पहिली बाटली कुठली, या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: शेनिन ब्लां. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं, पण आज जगात सगळ्यात जास्त शेनिन दक्षिण आफ्रिकेत आहे आणि इथल्या द्राक्षबागांतही पहिला नंबर तिचाच. जुनी माणसं तिला अजून 'स्टीन' म्हणतात.

कित्येक दशकं हे द्राक्ष ब्रँडी गाळायला आणि स्वस्त, गोडसर पांढऱ्या वाइनसाठी वापरलं गेलं. उन्हाळ्यातही त्याचा आंबटपणा टिकतो आणि पीक भरघोस येतं, त्यामुळे शेतकरी त्यावर खूश होता. चवीची फिकीर कोणी करत नव्हतं. त्या लागवडीतल्या काही बागा उपटल्या गेल्या नाहीत आणि आज चाळीस, पन्नास, साठ वर्षांच्या होऊन उभ्या आहेत. बऱ्याच ठिकाणी मांडव नाही, तार नाही, वेल झुडपासारखी आपल्या खोडावर उभी. अशा वेलीला घड थोडे लागतात, पण रस दाट असतो. द्राक्षतज्ज्ञ रोझा क्रूगर यांनी या जुन्या बागा शोधून त्यांची नोंद करायला घेतली आणि त्यातून 'ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट' उभा राहिला. बाग ३५ वर्षांची किंवा त्याहून जुनी असेल तर त्या वाइनच्या बाटलीवर 'सर्टिफाइड हेरिटेज व्हिनयार्ड्स' अशी खास मोहर लागते, आणि तिच्यावर बाग लावल्याचं सालही असतं. यादीत 'ओल्ड व्हाइन' दिसलं आणि किंमत आवाक्यात असली तर फार विचार करू नका.

शेनिनबद्दल वेटरला विचारायचा प्रश्न एकच: ही ओकमध्ये, म्हणजे ओक लाकडाच्या पिंपात, ठेवलेली आहे का?

उत्तर 'नाही' आलं तर वाइन ताजी, हलकी आणि बहुधा त्याच किंवा आदल्या वर्षाची असते. पेरू, हिरवं सफरचंद, नासपती, कधी अननस असे वास येतात आणि शेवटी लिंबासारखा आंबटपणा. मासे, कॅलमारी, चिकन सॅलड, दुपारचं जेवण यांना हीच घ्या. यादीत ती स्वस्तही असते.

उत्तर 'हो' आलं तर प्रकरण वेगळं. ग्लास नाकाशी नेला की आधी भाजलेल्या सफरचंदाचा वास येतो, मग मध, मागून थोडं आलं. पहिला घोट जिभेवर तेलकट वाटावा इतका भरीव लागतो आणि आता ही जड होणार असं वाटत असतानाच आंबटपणा वर येऊन तोंड स्वच्छ करतो. गिळल्यावरही मधाची आठवण राहते, पण गोडी कुठेच नसते. ही वाइन फार गार पिऊ नका. बर्फाच्या बादलीतून काढून दहा मिनिटं टेबलावर राहू द्या, वास तेव्हा मोकळे होतात. डुकराचं मांस, भाजलेली कोंबडी, मलईच्या सॉसमधले पदार्थ आणि भाजलेला बटरनट भोपळा, सगळ्यांना ती पुरून उरते.

नाशिककडची शेनिन प्यायलेल्यांना इथे थोडा धक्का बसतो. तिकडची बरीचशी शेनिन किंचित गोडसर ठेवलेली असते, केपमधली, म्हणजे केपटाऊनच्या आसपासच्या प्रदेशातली, बहुतेक कोरडी. तशीच गोडी हवी असेल तर 'ऑफ-ड्राय शेनिन' असं स्पष्ट सांगा.

केप मलाय जेवणासाठीही मी शेनिनच सुचवेन. बोबोटी हा तिथला नावाजलेला पदार्थ: मसाला घातलेला खिमा, त्यात बेदाणे आणि जर्दाळूची गोडी, वर अंडं-दुधाचा थर घालून भट्टीत भाजलेला, बाजूला हळदीचा पिवळा भात. डच ईस्ट इंडिया कंपनीने इंडोनेशिया, मादागास्कर आणि भारतातून, त्यातही बंगाल आणि मलबारकडून, गुलाम करून आणलेल्या माणसांच्या हातून हे जेवण घडलं. म्हणूनच त्याची चव आपल्याला अर्धी ओळखीची वाटते. त्यातल्या गोड-मसालेदारपणाला ओकवाली शेनिन जशी बसते तशी दुसरी कुठलीही वाइन बसलेली मी पाहिलेली नाही.

पायरी ३: बाकीच्या पांढऱ्या

सोव्हिन्यॉं ब्लां दक्षिण आफ्रिकेत सगळीकडे मिळते आणि सगळीकडे खपते. तिच्यात ढोबळी मिरची, कापलेलं गवत, हिरवं अंजीर, पॅशनफ्रूट असे वास असतात. ढोबळी मिरचीचा भास खोटा नाही. दोन्हींत पायरझिन गटातली तीच रसायनं असतात, आणि थंड हवेतल्या द्राक्षांत ती जास्त टिकतात. म्हणून इथला प्रश्न जागेचा: समुद्राजवळची आहे का? कॉन्स्टान्शिया, डर्बनव्हिल, एल्गिन, एलिम ही नावं दिसली तर वाइन चुरचुरीत आणि हिरव्या वासाची असण्याची शक्यता जास्त. कालवं, लिंबू पिळलेले मासे, शेळीच्या दुधाचं चीज. ताजीच प्यायची, जुनं वर्ष शोधत बसू नका.

शार्दोने मागवताना पुन्हा ओकचाच प्रश्न. ओकशिवाय ती लिंबू आणि सफरचंदाकडे झुकते, ओकमध्ये लोणी, व्हॅनिला आणि भाजलेल्या हेझलनटकडे. चुनखडीच्या जमिनीचं रॉबर्टसन आणि हर्मानसजवळचं हेमेल-एन-आर्दे खोरं ही तिची दोन चांगली ठिकाणं. केपमधल्या लॉबस्टरला तिथे क्रेफिश म्हणतात. लोणी घालून भाजलेला क्रेफिश आणि ओकवाली शार्दोने ही खर्चीक पण करून बघण्यासारखी जोडी आहे.

सेमियॉं एके काळी केपमधलं सगळ्यात जास्त लावलेलं द्राक्ष होतं, आता कुठेकुठे उरलंय. दिसली तर एक ग्लास चाखा.

पायरी ४: लाल वाइन, आणि पिनोटाजचं काय करायचं

पिनोटाज हे खास दक्षिण आफ्रिकेचं द्राक्ष. १९२५ साली स्टेलेनबॉश विद्यापीठातले प्राध्यापक अब्राहम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सँसो यांचा संकर केला. सँसोला तेव्हा तिथे 'हर्मिटेज' म्हणत, म्हणून पिनो आणि हर्मिटेज मिळून पिनोटाज. पेरोल्ड यांनी लावलेल्या संकराच्या चार बियांची रोपं ते विद्यापीठ सोडून गेल्यावर बागेतल्या तणाबरोबर उपटली जाण्याच्या बेतात होती. एका तरुण सहकाऱ्याने ती वाचवली. १९५९ मध्ये पिनोटाजने केपच्या वाइन-स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं आणि १९६१ मध्ये 'लान्झेराक' या नावाने ती पहिल्यांदा लेबलवर नाव घेऊन बाजारात आली.

एवढा इतिहास वेटरही सांगतो. तो सांगत नाही ते हे, की या द्राक्षाची बदनामीही बरीच झाली आहे आणि ती सगळी खोटी नाही. आंबवताना तापमान सांभाळलं नाही तर पिनोटाजमध्ये पिकलेल्या केळ्याचा आणि ताज्या ऑइलपेंटचा वास उतरतो; खराब बाटलीत जळक्या रबराचाही येतो. स्वस्तातली पिनोटाज घेऊन ज्यांचा विरस झाला त्यांची तक्रार रास्त आहे. चांगल्या हातची पिनोटाज मात्र तुती, पिकलेलं जांभूळ, आलुबुखार आणि मागे हलका धूर अशी लागते. स्टेलेनबॉशजवळच्या कानॉनकॉपसारख्या वायनरीने याच द्राक्षावर नाव कमावलं.

पिनोटाजबद्दलचा प्रश्न: हलकी, फळांची आहे, भरीव ओकवाली आहे, की कॉफीवाली?

कॉफी पिनोटाज २००१ पासून गाजली, डीमर्सफॉन्टेन वायनरीपासून. तिच्यात कॉफी घातलेली नसते. खरपूस भाजलेलं ओक आणि निवडक यीस्ट यांच्यामुळे कॉफी-चॉकलेटचा दाट वास येतो. जाणकार नाकं मुरडतात. मला विचाराल तर एक ग्लास गंमत म्हणून ठीक, जेवणभर ती पुरत नाही, दुसऱ्या ग्लासाला कंटाळा येतो. पण कडक, तुरट लाल वाइनची धास्ती असलेल्या माणसाला ती पहिल्याच घोटात आवडते हेही खरं.

भरीव पिनोटाज ब्राईबरोबर प्या. ब्राई म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यावर मांस भाजणं, दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय छंदच म्हणा. कोथिंबिरीच्या धण्याचा वास असलेलं बूरव्होर्स सॉसेज, जर्दाळूत मुरवून सळईवर भाजलेली सोसाटी, कारूच्या माळरानावरचं कोकरू. निखाऱ्याचा धूर आणि पिनोटाजचा धूर एकमेकांत मिसळतात. शाकाहारी असाल तर भाजलेले मोठे मशरूम किंवा निखाऱ्यावरचं वांगं मागवा, तेही या वाइनला पेलतं.

यादीत 'केप ब्लेंड' दिसलं तर त्यात इतर लाल द्राक्षांबरोबर पिनोटाजचा ठळक वाटा असतो असा संकेत आहे, साधारण ३० टक्के तरी. एकट्या पिनोटाजची खात्री वाटत नसेल तर हा मधला मार्ग.

कॅबर्ने सोव्हिन्यॉं मागवायची तर स्टेलेनबॉशची. काळ्या बेरीचा दाट वास, देवदाराचं लाकूड, तंबाखूचं पान, कधी पुदिना, आणि भरपूर टॅनिन. फ्रान्समधल्या बोर्डोच्या पद्धतीने तिच्यात मर्लो आणि कॅबर्ने फ्रां ही द्राक्षं मिसळून केलेल्या मीअरलुस्ट वायनरीची 'रुबिकॉन' किंवा कानॉनकॉपची 'पॉल साऊअर' यांसारख्या वाइन्स या देशाची शान समजल्या जातात. बिलही त्याच मानाने. इथे प्रश्न वयाचा: कुठल्या सालची आहे आणि आता उघडण्याजोगी झाली आहे का? कोवळी असेल तर वेटरला 'डिकँट' करायला सांगा. रुंद भांड्यात ओतून अर्धा तास ठेवली की कडकपणा थोडा उतरतो.

शिराझ आणि सिरा ही एकाच द्राक्षाची दोन नावं, त्यामुळे इथे लेबलच उत्तर देतं. त्यावर 'शिराझ' लिहिलं असेल तर बहुधा पिकलेली, जाड, गोडसर फळांची आणि ओकची वाइन. 'सिरा' लिहिलं असेल तर बनवणाऱ्याचं मन फ्रान्सकडे, म्हणजे हलकी, काळी मिरी, ऑलिव्ह, खारवलेलं मांस अशा वासांची. हा नियम नाही, पण बऱ्याचदा खरा ठरतो. काळी मिरी इथेही खरीच. रोटंडोन नावाचं तेच द्रव्य मिरीत असतं आणि या द्राक्षाच्या सालीतही. केपटाऊनच्या उत्तरेला गव्हाच्या शेतांचा स्वार्टलँड भाग सिरासाठी नावारूपाला आला तो वाइन बनवणारे एबन सादी यांच्या 'कोल्युमेला' या वाइनपासून, तिचं पहिलं साल २०००. हरणाचं मांस, म्हणजे स्प्रिंगबॉक किंवा कुडू, मागवणार असाल तर सिरा घ्या.

लाल वाइन हवी, पण जेवण मसालेदार आहे, अशा अडचणीत सँसो कामाला येते. पिनोटाजचा हा पालक स्वस्त मिश्रणांत वर्षानुवर्षं खपला आणि आता पुन्हा मानाने बाटलीत येतोय. रंग फिका, टॅनिन कमी, वास स्ट्रॉबेरी आणि लाल चेरीचे. थोडी गार करून मागवा. तंदुरी पदार्थांबरोबर मी डोळे मिटून हीच घेतो. पिनो न्वारही अशीच हलकी, पण नाजूक आणि महाग. ती हेमेल-एन-आर्दे किंवा एल्गिनची असावी. हिवाळ्यात आणि वसंतात देवमासे बघायला हर्मानसला जाणार असाल तर हे खोरं तिथून अगदी जवळ आहे, दुपारचं जेवण तिकडेच उरका.

पायरी ५: फेसाळणारी आणि गोड

शॅम्पेन हे नाव फ्रान्सच्या त्या प्रांताबाहेर वापरता येत नाही, म्हणून बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या इथल्या फेसाळ वाइनला 'कॅप क्लासिक' म्हणतात. पहिली होती सिमॉन्सिग वायनरीची 'कापसे फॉन्कल', १९७१ सालची. यीस्टच्या गाळावर किमान १२ महिने ठेवावी लागते, त्यातून ताज्या भाजलेल्या पावाचा आणि बदामाचा वास येतो. नेल्सन मंडेला यांच्या १९९४ च्या शपथविधीला ग्रॅहम बेक वायनरीची कॅप क्लासिक होती. त्याच तोडीच्या शॅम्पेनच्या मानाने किंमत बरीच कमी, त्यामुळे काही साजरं करायचं असो वा नसो, जेवणाची सुरुवात हिच्या एका ग्लासाने करा. तळलेल्या पदार्थांबरोबर ती फार छान जाते. केपमध्ये 'समूसा' म्हणून मिळणारे पातळ पारीचे छोटे समोसे मागवून बघा. फक्त 'स्पार्कलिंग वाइन' असं लिहिलं असेल तर ती बहुतेकदा नुसता वायू भरलेली असते. वाईट नाही, पण तोच भाव देऊ नका.

गोड वाइनमध्ये एक नाव सोडून पुढे जाता येत नाही. केपचे डच गव्हर्नर सिमॉन फान डर स्टेल यांना १६८५ मध्ये कॉन्स्टान्शियाची जमीन मिळाली. तिथल्या मस्कत द्राक्षांची गोड वाइन पुढे युरोपच्या राजवाड्यांत पोचली, आणि सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनलाही ती पाठवली जात होती. ही द्राक्षं खुडणारे आणि तुडवणारे हात गुलामांचे होते, हे त्या मळ्याच्या कौतुकात बहुधा गाळलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेलींच्या रोगांनी ती परंपरा बसवली. तिथल्याच क्लाइन कॉन्स्टान्शिया मळ्याने ती 'व्हँ द कॉन्स्टॉन्स' या नावाने पुन्हा उभी केली, पहिलं साल १९८६. द्राक्षं वेलीवरच सुकेपर्यंत ठेवतात. संत्र्याची साल, जर्दाळू, मध, केशराची झाक आणि या सगळ्याला तोलून धरणारा आंबटपणा. महाग आहे, पण काही ठिकाणी ग्लासावर मिळते आणि छोटा ग्लास दोघांना पुरतो.

त्यापेक्षा कमी पैशांत 'नोबल लेट हार्व्हेस्ट' घ्या. तिच्यात द्राक्षांवर एक विशिष्ट बुरशी येऊ देतात, तिच्यामुळे द्राक्षातलं पाणी उडून जातं आणि साखर दाट होते. जर्दाळूच्या जॅमचा स्पंज करून गरम मलईत भिजवलेलं मालव्हा पुडिंग तिच्याबरोबर भन्नाट लागतं. गोडाबरोबर वाइन पुडिंगपेक्षा गोडच हवी, नाहीतर ती आंबट लागते.

पायरी ६: बाटली टेबलावर आली की

वेटर बाटली दाखवतो तेव्हा द्राक्ष, साल आणि जागा बघा. जागेच्या आधी 'वाइन ऑफ ओरिजिन' लिहिलेलं असेल. ही पद्धत १९७३ पासून आहे आणि तिचा अर्थ असा की द्राक्षं शंभर टक्के त्याच भागातली. 'वेस्टर्न केप' म्हणजे फार मोठा प्रदेश, 'स्टेलेनबॉश' त्याहून लहान, एखाद्या खोऱ्याचं नाव असेल तर आणखी लहान. जागा जितकी नेमकी तितकी किंमत बहुधा चढी.

मग तो थोडी वाइन ओततो. ती आवडली का हे सांगण्यासाठी नसते, खराब तर नाही ना हे बघायला असते. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरसट तळघराचा वास आला तर बुचामुळे वाइन बिघडली आहे. निःसंकोच सांगा, चांगलं हॉटेल बदलून देतं. स्क्रू कॅप बघून नाराज होऊ नका. इथे चांगल्या चांगल्या वाइन्सना, विशेषतः पांढऱ्यांना, तीच असते आणि बुचाचा बिघाड टळतो.

उन्हाळ्यात लाल वाइन कोमट आली तर दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा. कोमट लाल वाइनमध्ये फक्त अल्कोहोल लागतं.

काटेकोर शाकाहारी असाल तर एक गोष्ट विचारलीच पाहिजे. वाइन नितळ करायला काही वायनऱ्या अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशाच्या हवेच्या पिशवीतलं द्रव्य वापरतात. ते गाळून निघतं, पण पथ्य पाळणाऱ्याला ते चालेलच असं नाही. मागच्या लेबलवर 'व्हेगन' लिहिलंय का बघा.

७५० मिलिलिटरच्या बाटलीतून साधारण पाच ग्लास निघतात. दोघंच असाल आणि दोन वेगळ्या वाइन्स चाखायच्या असतील तर बाटलीच्या भानगडीत न पडता ग्लासाने घ्या. मोठा गोतावळा असेल तर उलट: दक्षिण आफ्रिकेतल्या बऱ्याच हॉटेलांत स्वतःची बाटली नेता येते, फक्त ती उघडून देण्याचे 'कॉर्केज' लावतात. किती ते आधी फोन करून विचारा आणि त्यांच्या यादीत असलेलीच वाइन घेऊन जाऊ नका, ते वाईट दिसतं. टिप १० ते १५ टक्के द्यायची पद्धत आहे.

गाडी चालवणारा ठरवून ठेवा. रक्तात १०० मिलिलिटरमागे ०.०५ ग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि १४ टक्क्यांच्या वाइनचे दोन ग्लास तिथवर सहज नेतात. फ्रान्सहूकमध्ये मळ्यामळ्यांतून फिरणारी वाइन ट्राम आहे, तिथे तर गाडीची गरजच नाही.

परत येताना भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. व्हँ द कॉन्स्टॉन्सची बाटली ५०० मिलिलिटरची असते, म्हणजे तिच्याबरोबर ७५० च्या दोन बाटल्या बरोबर बसतात. त्यातली एक जुन्या वेलींची शेनिन असू द्या, दुसरी तुमच्या जिभेला पटलेली. विमानतळावर घेण्याऐवजी मळ्यावरून घ्या, तिथे आधी चाखता येते. हातातल्या सामानात सुरक्षातपासणीत अडतील, म्हणून सुटकेसमध्ये मधोमध, कपड्यांत गुंडाळून ठेवा.